लिनक्स बसवल्यानंतर स्क्रीन काळी राहिली तर काय तपासावे

लिनक्स बसवण्याचे काम सुरळीत पार पडते, पेन ड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करण्याची सूचना येते, आपण तसे करतो, आणि कंपनीचे बोधचिन्ह क्षणभर दिसून गेल्यावर स्क्रीन जी काळी होते ती काळीच राहते. पंखा फिरत असतो, दिवे लागलेले असतात, पण दिसत काहीच नाही. अशा वेळी बहुतेक जण पेन ड्राइव्ह पुन्हा लावून सगळे नव्याने बसवायला घेतात. मीही सुरुवातीच्या काळात एका जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू (लिनक्सचे एक वितरण, म्हणजे बसवायला तयार अशी आवृत्ती) लागोपाठ तीनदा बसवले होते आणि तिन्ही वेळा चित्र त्याच ठिकाणी गेले. कारण डिस्कवर उतरलेली प्रणाली पहिल्या खेपेपासूनच धडधाकट होती, तिला फक्त ग्राफिक्स कार्ड नीट चालवता येत नव्हते. म्हणून पहिले सांगणे हेच, की पुन्हा बसवण्याची घाई करू नये. चित्र नेमके कोणत्या टप्प्यावर जाते ते आधी पाहावे. उपाय त्या टप्प्यावरूनच ठरतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिला जाणारा सर्वसाधारण आधार थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची व्यवस्था आणि त्या मानाने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगल्या चालणाऱ्या जुन्या संगणकावर लिनक्स बसवून पाहणारे आता आपल्या ओळखीतही भेटतात. हे मार्गदर्शन मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. लिहिताना उबुंटू आणि लिनक्स मिंट डोळ्यांपुढे ठेवले आहेत. फेडोरा किंवा डेबियन या इतर वितरणांत पद्धत वेगळी असेल तेथे तसे सांगितले आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप कराव्यात. जेथे स्पेलिंगचा घोटाळा होऊ शकतो तेथे अक्षरे सुटी करून दिली आहेत.

चित्र कोठे तुटते ते ओळखावे

संगणक सुरू झाल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत स्क्रीनचा ताबा हातोहात पुढे जात असतो. सर्वांत आधी मदरबोर्डवरील यूईएफआय किंवा बायोस हे मूळ सॉफ्टवेअर चित्र काढते. बोधचिन्ह दिसते ते त्याचे. त्यानंतर ग्रब हा बूटलोडर, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम, त्याच तयार चौकटीवर आपला मेनू दाखवतो. मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीत येतो आणि पहिले काही क्षण तोही त्या साध्या चौकटीवरच अक्षरे उमटवतो. ग्राफिक्स ड्रायव्हर लोड झाला की मात्र स्क्रीनचा पूर्ण ताबा त्याच्याकडे जातो, आणि रिझोल्यूशन किती, रिफ्रेश रेट किती, चित्र कोणत्या पोर्टातून बाहेर काढायचे, हे सगळे कर्नलच ठरवू लागतो. याला कर्नल मोड सेटिंग म्हणतात. २००९ साली कर्नलच्या २.६.२९ या आवृत्तीत ते प्रथम इंटेलच्या ग्राफिक्ससाठी आले आणि नंतर इतर कार्डांसाठीही आले. शेवटी लॉगिनची चौकट दाखवणारा डिस्प्ले मॅनेजर येतो, आणि पासवर्ड दिल्यावर वेलँड किंवा एक्स-ऑर्ग या चित्र दाखवणाऱ्या प्रणालींपैकी एकावर चालणारे डेस्कटॉपचे सत्र सुरू होते.

काळी स्क्रीन दुरून सारखीच दिसते, पण जवळून पाहिली तर तिच्यात बरेच फरक असतात. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ अशी पाटी येऊन त्याचा दिवा पिवळसर झाला, तर त्या केबलमधून काहीच येत नाही, असा अर्थ होतो. ‘आउट ऑफ रेंज’ असे आले, तर सिग्नल येत आहे, मात्र तो मॉनिटरला न झेपणाऱ्या रिझोल्यूशनचा किंवा रिफ्रेश रेटचा आहे. पाटी कोणतीच नाही, पण खोलीतला दिवा मालवल्यावर स्क्रीन किंचित राखाडी उजळलेली दिसते, तर चित्र पोहोचत आहे आणि ते चित्रच काळे आहे. डाव्या वरच्या कोपऱ्यात एक आडवी रेघ लुकलुकत असेल, तर कर्नल उठला आहे आणि गाडी डिस्प्ले मॅनेजरपाशी अडली आहे, असे बहुतेक वेळा निघते.

आणखी एक साधी खूण आहे. कीबोर्डवरील कॅप्स लॉक दाबून पाहावे. दाबताच त्याचा दिवा लागत-विझत असेल तर कर्नल जिवंत आहे, आपल्याला फक्त दिसत नाही. दिवा ढिम्म हलत नसेल तर संगणक खरोखर गोठला आहे. या एका परीक्षेने पुढचा निम्मा शोध वाचतो, म्हणून ती कधीही टाळू नये.

बोधचिन्हही दिसत नसेल तर

संगणक सुरू केल्यापासून एकदाही चित्र आले नाही, तर त्याचा लिनक्सशी संबंध नसतो आणि शोध केबलपासून सुरू करावा लागतो. डेस्कटॉपला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असेल तर मागच्या बाजूला एचडीएमआयची दोन ठिकाणे असतात: एक वर, यूएसबीच्या रांगेजवळ, मदरबोर्डचे, दुसरे खाली आडव्या पट्टीत, कार्डाचे. केबल खालच्या ठिकाणी हवी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ हे अक्षर असते, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतेच, म्हणून मदरबोर्डवरचे ठिकाण पूर्ण मुके असते. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही ते नाही, ५६००जी मध्ये आहे.

अंगभूत ग्राफिक्स आणि स्वतंत्र कार्ड दोन्ही असतील, तर वेगळाच प्रकार घडू शकतो: यूईएफआय एका ठिकाणी चित्र काढते आणि लिनक्स दुसऱ्या ठिकाणी. बोधचिन्ह दिसले, मग अंधार झाला, तर केबल दुसऱ्या पोर्टात लावून एकदा पाहून घ्यावे. लॉगिनची चौकट तेथे निवांत वाट पाहत असल्याचे मी दोनदा अनुभवले आहे. तसेच संगणकाला टीव्ही किंवा दुसरा मॉनिटर जोडलेला असेल, तर एक सोडून बाकी सगळे काढून ठेवावेत.

नोमोडसेट: अंधारातून आत जाण्याची वाट

सर्वाधिक तक्रारी याच टप्प्यावरच्या असतात. बोधचिन्ह दिसते, कदाचित ग्रबचा मेनूही दिसतो, आणि ग्राफिक्स ड्रायव्हर ताबा घेतो त्या क्षणी सगळे काळे होते. एनव्हिडियाच्या कार्डांवर हे अधिक होते. त्यांच्यासाठी कर्नलमध्ये नूव्हो नावाचा ड्रायव्हर असतो. कंपनीच्या माहितीपत्रकांवर नव्हे, तर कार्डाचे वागणे बाहेरून तपासून तो स्वयंसेवकांनी बांधला आहे, आणि हे काम किती मोठे आहे याची जाण ठेवूनही म्हणावे लागते, की काही कार्डांवर तो पहिल्याच पायरीला अडखळतो.

अशा वेळी कर्नलला सांगायचे, की या खेपेस स्क्रीनचा ताबा घेऊ नकोस, यूईएफआयने दिलेल्या साध्या चौकटीवरच चालव. ते सांगणारा शब्द नोमोडसेट: एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी, सलग, मध्ये जागा न सोडता.

यासाठी ग्रबचा मेनू लागतो आणि एकट्या लिनक्सच्या संगणकावर तो सहसा लपवलेला असतो. यूईएफआय असलेल्या संगणकावर बोधचिन्ह जाताच एस्केप एकदाच दाबावे. जुन्या बायोसच्या संगणकावर शिफ्ट दाबून धरावे. एस्केप घाईघाईने अनेकदा दाबले गेले तर मेनूऐवजी ‘ग्रब’ आणि कंसाची खूण असलेली काळी पाटी समोर येते. घाबरून जाण्याचे कारण नाही. तेथे नॉर्मल असा शब्द टाइप करून एंटर दाबावे आणि लगेच एकदा एस्केप दाबावे, म्हणजे मेनू मिळतो.

मेनूत सर्वांत वरची, उबुंटू किंवा लिनक्स मिंट असे लिहिलेली ओळ निवडलेली असताना ई हे अक्षर दाबावे. एक छोटा संपादक उघडतो आणि त्यात दहा-पंधरा ओळी दिसतात. खाली जात जात लिनक्स या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधावी. तिच्यात व्हीएमलिनझ असे नाव असते, पुढे रूट, यूयूआयडी आणि आकडे-अक्षरांची लांब माळ असते, आणि अखेरीस क्वायट स्प्लॅश हे दोन शब्द असतात. ओळ लांब असल्यामुळे ती स्क्रीनच्या उजव्या काठाशी एका तिरप्या रेघेने मोडून खालच्या ओळीत उतरते. ती रेघ मजकुराचा भाग नसते, म्हणून ती पुसण्याच्या फंदात पडू नये. बाणाच्या कळीने स्प्लॅशच्या शेवटापर्यंत जावे, एक जागा सोडावी आणि नोमोडसेट टाइप करावे. क्वायट आणि स्प्लॅश हे शब्द खोडूनच टाकले तर आणखी उत्तम, कारण मग कर्नल काय काय करतो आहे ते ओळीओळीने दिसते आणि तो कोठे थांबला हेही कळते. मग कंट्रोल आणि एक्स, किंवा एफ१०, दाबावे.

केलेला बदल त्या एका खेपेपुरताच असतो, डिस्कवर काहीच लिहिले जात नाही, त्यामुळे चूक झाली तरी संगणक बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते.

डेस्कटॉप दिसला तर निम्मी लढाई जिंकली. रिझोल्यूशन कमी असेल, खिडक्या सरकवताना अडखळतील, दुसरा मॉनिटर चालणार नाही. हे सगळे अपेक्षित आहे. पण याच अवस्थेत समाधान मानून नोमोडसेट कायमचे घालून ठेवण्याचा सल्ला अनेक जण देतात, तो मला मुळीच पटत नाही. तसे केले की ग्राफिक्स कार्ड बेकार पडून राहते आणि त्याचा सगळा भार प्रोसेसर वाहतो. मग ‘लिनक्स फार संथ आहे’ असा समज होतो, जो खरा नसतो. नोमोडसेट हा आत शिरण्यापुरता दरवाजा आहे, आत गेल्यावर योग्य ड्रायव्हर बसवायचा असतो.

नोमोडसेट घालूनही अंधारच राहिला तर त्याच ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ३ हा आकडा, अर्थात इंग्रजी, टाइप करावा. मग डेस्कटॉप सुरूच होत नाही, फक्त अक्षरांचे लॉगिन मिळते आणि पुढची दुरुस्ती तेथून करता येते. स्थापनेचा पेन ड्राइव्हच काळी स्क्रीन दाखवत असेल, तर उबुंटूच्या सुरुवातीच्या मेनूत ‘सेफ ग्राफिक्स’, मिंटमध्ये ‘कॉम्पॅटिबिलिटी मोड’ आणि फेडोरात ‘ट्रबलशूटिंग’खाली ‘बेसिक ग्राफिक्स मोड’ हा पर्याय असतो; हेच काम तो करतो.

योग्य ड्रायव्हर बसवणे

आत गेल्यावर टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडून एलएसपीसीआय ही आज्ञा, तिच्यापुढे एक जागा आणि उणे-के, अशी द्यावी. यादी लांब येते. त्यात व्हीजीए किंवा थ्रीडी असे लिहिलेल्या नोंदी शोधाव्यात. नोंदीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असते. नोमोडसेटने सुरू केलेल्या खेपेत ती गायब असू शकते, पण ‘कर्नल मॉड्यूल्स’ या ओळीत उमेदवारांची नावे दिसतातच. इंटेलचे ग्राफिक्स असेल तर आय९१५, नव्या पिढीत एक्सई. एएमडीचे असेल तर एएमडीजीपीयू किंवा जुन्यासाठी रेडिऑन. एनव्हिडियाचे असेल तर नूव्हो किंवा एनव्हिडिया.

इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात, वेगळे बसवावे लागत नाहीत. तेथे अंधार झाला तर दोन शक्यता धराव्यात. कार्ड नवे आणि कर्नल जुना असेल, तर अधिक नव्या कर्नलची आवृत्ती घ्यावी. दुसरी शक्यता फर्मवेअरच्या, म्हणजे कार्डात भरावे लागणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरच्या, फाइली नसण्याची. डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांत हे नेहमी होत असे, कारण मुक्त नसलेले फर्मवेअर स्थापनेच्या प्रतीत दिले जात नसे. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते दिले जाते. डीमेसेज, म्हणजे डी-एम-ई-एस-जी, ही आज्ञा आधी सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द) लावून दिल्यावर फर्मवेअर सापडले नाही अशा अर्थाची ओळ दिसली, तर कारण हेच समजावे.

एनव्हिडियासाठी उबुंटूमध्ये ‘उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस’ ही आज्ञा द्यावी. ती कार्ड ओळखते, बसू शकणाऱ्या ड्रायव्हरांची यादी देते आणि एकापुढे ‘रेकमेंडेड’ असे लिहिते. मग ‘सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ दिले की तोच बसतो. मिंटमध्ये हे काम ड्रायव्हर मॅनेजरच्या खिडकीतून माउसने होते. फेडोरात आरपीएम फ्यूजन हे भांडार जोडून त्यातून एकेमॉड-एनव्हिडिया हे पॅकेज घ्यावे लागते, आणि येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी: पॅकेज उतरले म्हणजे काम संपले असे नाही. ड्रायव्हरचे मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडला जाणारा भाग, तुमच्या कर्नलसाठी मागच्या बाजूला तयार होत असते आणि त्याला काही मिनिटे लागतात. घाईने रीस्टार्ट केले तर मॉड्यूल अर्धवट राहते आणि पुन्हा काळी स्क्रीन समोर येते. ‘मॉडइन्फो उणे-एफ व्हर्जन एनव्हिडिया’ ही आज्ञा, ज्यात एफ मोठा आहे, दिल्यावर आवृत्तीचा आकडा दिसेपर्यंत थांबावे.

कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हरची फाइल थेट उतरवून चालवण्याचा मोह टाळावा. ती आज चालेल, पण पुढच्या कर्नल अपडेटनंतर तो ड्रायव्हर नव्या कर्नलशी जुळेलच असे नाही आणि काळी स्क्रीन परत येईल. वितरणाच्या भांडारातून घेतलेला ड्रायव्हर अपडेटबरोबर आपोआप नव्याने बांधला जातो.

कार्डाचे वयही पाहावे. जीटीएक्स ९०० आणि १०८०पर्यंतच्या जीटीएक्स १० मालिकेतील कार्डांसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा आहे, आणि त्याहून जुन्या केप्लर पिढीसाठी, ज्यात जीटी ७१० ही अनेक कार्यालयांत दिसणारी कार्डे बहुतांशी येतात, शेवटची शाखा ४७०. अशा जुन्या कार्डावर नूव्हो नीट चालत असेल तर त्यालाच राहू द्यावे, असे माझे मत आहे. उलट आरटीएक्स ५० मालिकेतील कार्डे फक्त खुल्या कर्नल मॉड्यूलवरच चालतात. त्यांच्यासाठी नावाच्या शेवटी ‘ओपन’ असलेले पॅकेज निवडले नाही, तर ड्रायव्हर बसूनही चित्र येत नाही.

सिक्युअर बूटची निळी पाटी

ड्रायव्हर व्यवस्थित बसला, कोणतीही चूक दाखवली गेली नाही, तरीही रीस्टार्टनंतर रिझोल्यूशन कमीच राहिले किंवा स्क्रीन काळी झाली, तर संशय सिक्युअर बूटवर घ्यावा. सिक्युअर बूट ही यूईएफआयमधील सुरक्षेची सोय आहे. ती चालू असताना कर्नल फक्त ओळखीच्या किल्लीने स्वाक्षरी केलेले मॉड्यूलच आत घेतो. संगणकावरच बांधलेल्या मॉड्यूलची स्वाक्षरी त्याच संगणकावर तयार केलेल्या किल्लीने होते, आणि ही किल्ली आपली आहे हे यूईएफआयसमोर आपल्याला एकदा कबूल करावे लागते.

ते असे होते. ड्रायव्हर बसवताना मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगितला जातो. तो लॉगिनचा पासवर्ड नसतो, एका वेळेपुरताच लागतो. कागदावर लिहून ठेवावा. रीस्टार्ट केल्यावर निळ्या रंगाची पाटी येते आणि कोणतीही कळ दाबण्यासाठी दहा सेकंद मोजले जातात. ही पाटी पाहून पुष्कळ जणांना काहीतरी बिघडले असे वाटते आणि ते हात न लावता थांबतात. दहा सेकंद संपतात, संगणक पुढे निघून जातो आणि किल्ली नोंदली जात नाही. म्हणून त्या वेळी संगणकासमोर बसून राहावे, कळ दाबावी, ‘एनरोल एमओके’, मग ‘कंटिन्यू’, मग ‘येस’ निवडून तो पासवर्ड द्यावा आणि रीबूट करावे. पासवर्ड टाइप करताना ठिपकेसुद्धा न दिसण्याची शक्यता असते आणि कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा धरला जातो, म्हणून त्यात चिन्हे न घालता साधी अक्षरे व आकडे ठेवावेत.

पाटी निसटली असेल तर ‘मोकयुटिल’ या आज्ञेने, दोन उणे चिन्हे आणि एसबी-स्टेट असे जोडून, सिक्युअर बूट चालू आहे की नाही ते पाहावे. ‘सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया’ दिल्यावर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असे उत्तर आले तर निदान पक्के झाले. उबुंटूत ‘सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट’ आणि पुढे ‘/व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक/’ या फोल्डरमधील मोक नावाची, डीईआर शेपटाची फाइल दिली, की पासवर्ड पुन्हा विचारला जातो आणि पुढच्या खेपेस निळी पाटी परत येते. या फाइलच्या नावात एमओके ही तिन्ही अक्षरे मोठी असतात, फोल्डरच्या नावात लहान. यूईएफआयमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करणे हा दुसरा मार्ग आहे. तो सोपा आहे, पण शेजारी विंडोज असेल आणि त्याची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर आधी बिटलॉकरची रिकव्हरी की हाताशी ठेवावी.

लॅपटॉपची वेगळी दुखणी

लॅपटॉप सुरू झाल्याचा आवाज येतो, कॅप्स लॉकचा दिवा चालतो, आणि पडदा काळा. अशा वेळी मोबाइलची टॉर्च पडद्याला तिरपी, अगदी जवळ धरून पाहावे. अंधारात बुडालेली लॉगिनची चौकट अस्पष्ट दिसली, तर चित्र आहे, मागचा उजेड तेवढा नाही. ब्राइटनेस वाढवण्याची कळ एफएनसकट दाबून पाहावी. काही फरक पडला नाही तर ग्रबच्या त्याच ओळीत ‘एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह’ घालून पाहावे, आणि न जमल्यास नेटिव्हऐवजी व्हेंडर. जो शब्द चालेल तो पुढे सांगितल्याप्रमाणे कायम करावा.

दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपमध्ये पडदा बहुधा इंटेल किंवा एएमडीच्या अंगभूत ग्राफिक्सला जोडलेला असतो आणि एचडीएमआयचे पोर्ट पुष्कळदा एनव्हिडियाला. म्हणून लॅपटॉपवर सगळे ठीक दिसते आणि प्रोजेक्टर मात्र काळा राहतो. एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवला की हा प्रश्न बहुधा सुटतो. उबुंटूत ‘प्राइम-सिलेक्ट क्वेरी’ने सध्याची निवड कळते, ती इंटेल अशी असेल तर ‘सुडो प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड’ देऊन रीस्टार्ट करावे.

लॉगिनपर्यंत येऊन मागे फिरणे

पासवर्ड बरोबर दिला, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि लॉगिनची चौकट पुन्हा आली, तर हा प्रश्न ड्रायव्हरचाच असेल असे नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून अक्षरांच्या लॉगिनमध्ये जावे. पहिली आज्ञा ‘डीएफ उणे-एच’. मूळ विभाजन (पार्टिशन) १०० टक्के भरलेले असेल तर सत्राला तात्पुरत्या फाइलीही लिहिता येत नाहीत आणि ते मागे फिरते. वीस-पंचवीस जीबीचे विभाजन देऊन लिनक्स ‘वापरून पाहणाऱ्यांच्या’ बाबतीत हे होतेच. दुसरे, ‘एलएस उणे-एलए’ देऊन आपल्या होम फोल्डरमधील एक्सऑथॉरिटी ही टिंबाने सुरू होणारी फाइल पाहावी (नावातला एक्स मोठा असतो). तिचा मालक म्हणून रूट, म्हणजे प्रशासक, दिसत असेल, तर ती काढून टाकावी. सत्र सुरू होताना ती नव्याने बनते.

ग्नोम या डेस्कटॉपच्या लॉगिनमध्ये नाव निवडल्यावर उजव्या खालच्या कोपऱ्यात दातेरी चाकाचे चिन्ह दिसते. त्यावरून वेलँडऐवजी एक्स-ऑर्ग निवडून पाहता येते, आणि जुन्या एनव्हिडिया कार्डांवर त्याने फरक पडतो. उबुंटू २५.१० पासून ग्नोमचे एक्स-ऑर्ग सत्र काढून टाकले आहे, तेव्हा तेथे हा पर्याय शोधत बसू नये.

चित्र आहे, पण नीट नाही

फुल एचडी मॉनिटरवर १०२४ गुणिले ७६८ एवढेच रिझोल्यूशन मिळते आणि यादीत दुसरा पर्यायच नसतो, ही जुन्या व्हीजीए मॉनिटरवरची नेहमीची तक्रार. प्रत्येक मॉनिटर आपली ओळख आणि आपल्याला चालणारी रिझोल्यूशन्स ईडीआयडी नावाच्या छोट्या नोंदीत बाळगतो. तिचा मूळ भाग अवघा १२८ बाइटचा असतो. स्वस्त कन्व्हर्टर किंवा पिन वाकलेली केबल ही नोंद पुढे जाऊ देत नाही आणि कर्नलला अंदाजाने सुरक्षित आकडा धरावा लागतो. आधी केबल बदलून पाहावी. तोच मॉनिटर वापरायचा असेल तर एक्स-ऑर्गवर ‘सीव्हीटी १९२० १०८० ६०’ ही आज्ञा द्यावी, तिने छापलेली मोडलाइन (रिझोल्यूशनचे तपशील देणारी ओळ) एक्सरँडआर या आज्ञेच्या न्यूमोड आणि अ‍ॅडमोड या पर्यायांनी जोडावी. वेलँडवर एक्सरँडआरचा असा उपयोग होत नाही; तेथे ग्रबच्या ओळीत ‘व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१९२०x१०८०@६०’ असे लिहावे, त्यातील एचडीएमआय आणि ए ही अक्षरे मोठी. पोर्टाचे नेमके नाव ‘/सिस/क्लास/डीआरएम’ या फोल्डरमध्ये दिसते, आणि तेथील प्रत्येक पोर्टाच्या स्टेटस या फाइलीत मॉनिटर जोडलेला आहे की नाही हेही लिहिलेले असते.

फोर-के मॉनिटरवर माउस तुटक हलत असेल तर रिफ्रेश रेट ३० वर गेला आहे का ते पाहावे. एचडीएमआय १.४ वर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच जाऊ शकते. ६० साठी दोन्ही टोकांना एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट लागते. टीव्हीवर कडा कापल्या जात असतील तर दोष टीव्हीच्या ओव्हरस्कॅनचा असतो, तो टीव्हीच्याच सेटिंगमधून बंद करावा.

नोंदी मिळवणे आणि बदल कायम करणे

काही केल्या उलगडा होत नसेल तर कर्नलच्या नोंदी वाचाव्यात. त्यासाठी अडकलेला संगणक पॉवरचे बटण दाबून धरून बंद करू नये, कारण शेवटच्या, नेमक्या कामाच्या ओळी डिस्कवर उतरायच्या राहतात. उबुंटूवर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून एस, यू आणि बी ही अक्षरे थोडे थोडे थांबून दाबावीत. पहिल्याने नोंदी डिस्कवर लिहिल्या जातात, दुसऱ्याने डिस्क फक्त वाचनापुरती होते आणि तिसऱ्याने संगणक पुन्हा सुरू होतो. मग नोमोडसेटने आत जाऊन ‘जर्नलसीटीएल उणे-बी उणे-१ उणे-के’ दिले, की मागच्या फसलेल्या खेपेची हकिगत समोर येते. कोणाची मदत मागायची असेल तर हीच नोंद आणि एलएसपीसीआयचे उत्तर सोबत द्यावे. नुसते ‘स्क्रीन काळी आहे’ एवढ्यावरून कोणालाही काही सांगता येत नाही.

चालला तो बदल कायम करण्यासाठी ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ ही फाइल सुडो लावून उघडावी, क्वायट स्प्लॅश असलेल्या अवतरणातच आपला शब्द जोडावा, फाइल साठवावी आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्यावे. फेडोरात हे काम ग्रबी या आज्ञेने होते. नोमोडसेट कोणी या फाइलीत घातले असेल तर ड्रायव्हर बसवल्यानंतर ते न विसरता काढावे. रीस्टार्ट झाल्यावर ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ दिले की कर्नल प्रत्यक्ष कोणत्या शब्दांनी सुरू झाला ते एका ओळीत दिसते. त्या ओळीत नोमोडसेट नसेल, आणि सेटिंगमधील अबाउट पानावर ग्राफिक्ससमोर एलएलव्हीएमपाइप (म्हणजे ग्राफिक्सचे काम प्रोसेसर करतो आहे) असे न दिसता कार्डाचे नाव दिसत असेल, तर कार्ड खऱ्या अर्थाने कामाला लागले आहे. पुढे कधी कर्नलच्या अपडेटनंतर अंधार झालाच, तर ग्रबच्या मेनूतील ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचा कर्नल ठेवलेला असतो. तो निवडून काम चालू ठेवावे, आणि नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर बांधला गेला आहे का ते ‘डीकेएमएस स्टेटस’ देऊन पाहावे.